म्हणणे आणि मोजणे

मूल बोलू लागले, की घरच्या मंडळींस त्याचे प्रदर्शन मांडण्याची घाई होते. पाहुणा उंबरठ्याच्या आत येऊन टेकतो न टेकतो, तोच घरातील लहानग्यास पुढे ओढून आणले जाते आणि ‘म्हणून दाखव बघू’ असा हुकूम सुटतो. कोणाचे मूल श्लोक म्हणते, कोणाचे महिन्यांची नावे म्हणते, कोणाचे आकडे म्हणते. पाहुण्याच्या मुद्रेवर पुरेसे कौतुक उमटले नाही, तर त्या पाहुण्याच्या रसिकतेविषयी आपणांस शंका येते; मुलास त्यातले काय समजले असेल, ही शंका मात्र कधी येत नाही. आमचेही तसेच झाले, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत पाच मिनिटांवर आहे. गेल्या वर्षीच्या श्रावणातील ही गोष्ट. आमचा नातू तेव्हा पावणेचार वर्षांचा होता आणि एक ते पन्नास हे आकडे एका दमात म्हणत असे. हा पराक्रम आम्हीच त्याच्याकडून करवून घेतला होता. सकाळी दूध पिताना, दुपारी जेवताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्ही ‘एक’ म्हणावयाचे आणि त्याने पुढे धावत सुटावयाचे, असा क्रम दोन महिने चालला होता. त्या दिवशी आमचे एक जुने स्नेही सपत्नीक आले. हे गृहस्थ प्राथमिक शिक्षक म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले. पेठेत सारे त्यांस मास्तर म्हणतात. आम्ही नातवास उभे केले, त्याने पन्नास गाठले, मास्तरांनी शाबासकी दिली. आतून खिरीचा वास येत होता. मास्तरांनी त्यास जवळ घेतले आणि म्हटले, “आता एक काम कर बघू, राजा. आम्ही इथं पाच जण आहोत. आतनं पाच वाट्या घेऊन ये.”

पोर उड्या मारीत आत गेले आणि छातीशी कवटाळून वाट्यांची चळतच घेऊन आले. “किती आणल्यास?” मास्तरांनी विचारले. त्याने एकेका वाटीवर बोट ठेवून अचूक मोजले : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. “मग किती झाल्या?” तो पुन्हा एकपासून मोजू लागला. “बरं, त्यांतल्या पाच मला दे.” त्याने सगळी चळत उचलून मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

येथे आम्ही मुकाट बसावयास हवे होते. पण चार माणसांत आपली फजिती झाली, या विचाराने आमचा आवाज चढला. “पन्नासापर्यंत येतं आणि पाच कळत नाहीत?” असे काहीसे आम्ही बोललो. नातू आमच्याकडे नुसता पाहत राहिला. त्याचा खालचा ओठ बाहेर आला आणि तो आईच्या पदराआड गेला. वाट्या सुनेने उचलल्या. खीर आम्ही खाल्ली. परंतु ती गोड होती की नाही, हे आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नित्याप्रमाणे ‘एक’ म्हटले, तेव्हा पोराने दोन्ही हात कानांवर ठेवले. पुढे आठवडाभर घरात कोणी आकडा उच्चारला, की तो उठून दुसऱ्या खोलीत जाई. पावणेचार वर्षांच्या मुलास गणिताचे भय बसले होते आणि ते आम्ही घातले होते.

मास्तर जाताना दारात म्हणाले होते, “त्याला पन्नासापर्यंत म्हणता येतं. मोजता मात्र दोन-तीनापर्यंतच येतं. आणि या वयात तेवढंच यायचं असतं. रागावू नका.” त्या वेळी हे वाक्य आम्हांस समजुतीचे वाटले. पुढे आम्ही या विषयावर थोडेबहुत वाचन केले, तेव्हा मास्तर केवळ समजूत घालीत नव्हते, शास्त्र सांगत होते, असे ध्यानात आले.

आकडे म्हणणे आणि वस्तू मोजणे या दोन कृती आपणां प्रौढांस एकच वाटतात. वस्तुतः मोजण्यात अनेक गोष्टी एकवटलेल्या असतात. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली आपल्या ग्रंथात त्यांची पाच तत्त्वे मांडली. एका वस्तूस एकच शब्द द्यावयाचा, कोणतीही वगळावयाची नाही, कोणतीही दोनदा धरावयाची नाही, हे पहिले. शब्दांचा क्रम दर वेळी तोच ठेवावयाचा, हे दुसरे. शेवटी उच्चारलेला शब्द हा शेवटच्या वस्तूचे नाव नसून साऱ्या समूहाचे माप आहे, हे तिसरे. वाट्या मोजा, माणसे मोजा, की घंटेचे टोले मोजा, रीत एकच, हे चौथे. डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर बदलत नाही, हे पाचवे. आमच्या नातवास पहिली दोन येत होती. त्यांचा आणि तिसऱ्याचा सांधा अजून जुळला नव्हता. ‘सात’ हा त्याच्या दृष्टीने शेवटच्या वाटीवर बोट टेकताना काढावयाचा आवाज होता. म्हणूनच ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो पुन्हा मोजू लागला. ‘किती’ याचा अर्थ त्याच्या लेखी ‘मोजून दाखव’ एवढाच होता.

मास्तरांनी घेतलेली परीक्षाही नवी नव्हती. कॅरन विन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांस खेळण्यांच्या ढिगातून ‘मला तीन दे’, ‘पाच दे’ असे सांगून पाहिले होते. पुष्कळ मुले ‘एक’ म्हटले की एक देत. त्यापुढे कोणताही आकडा सांगितला, तरी मूठभर उचलून देत. काही महिन्यांनी तीच मुले ‘दोन’ ओळखू लागतात, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. एवढे झाल्यावर, साधारणतः साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास, एके दिवशी मुलाच्या ध्यानी येते, की पुढचा शब्द म्हणजे एक अधिक. आणि मग चार, पाच, सहा असे सारेच एकदम खुले होतात. एकापासून इथवर यावयास मुलास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. आम्ही मात्र ते वर्ष चार माणसांसमोर, खीर निवण्यापूर्वी, उरकून घेऊ पाहत होतो.

यावरून मूल जन्मतः संख्येविषयी कोरे असते, असे कोणी समजू नये. याच विन यांनी १९९२ साली पाच महिन्यांच्या अर्भकांसमोर एक बाहुली ठेवली, तिच्यापुढे पडदा धरला, पडद्याआड दुसरी बाहुली नेताना दाखविली आणि मग पडदा काढला. दोन बाहुल्यांऐवजी एकच दिसली, तेव्हा अर्भके अधिक वेळ टक लावून पाहत राहिली. एक-दोन-तीन एवढ्या लहान संख्यांची जाणीव अंगभूत असते. शब्दांची माळ मूल स्वतंत्रपणे, गाण्यासारखी शिकते. या दोहोंची गाठ पडावयास वेळ लागतो, आणि ती गाठ वस्तू हाताळूनच पडते. माळ लांबविल्याने पडत नाही.

हे वाचताना आमच्या लहानपणाचा एक प्रकार आठवला. पेठेतील मोकळ्या जागेत आम्ही विटीदांडू खेळत असू आणि खेळताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असा घोष करीत असू. प्रत्येक शब्दाबरोबर विटी मारण्याची तऱ्हा निराळी. त्या पलीकडे त्या शब्दांस काही अर्थ असेल, असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. पुढे प्रौढपणी एका तेलुगू मित्राच्या तोंडून ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ असे ऐकले, तेव्हा आपण बालपणभर एक, दोन, तीन, चार असेच ओरडत होतो, हे कळले. क्रम बिनचूक, उच्चार खणखणीत आणि संख्येचा पत्ता नाही! आमच्या नातवाचे मराठी आकडे नेमके त्याच जातीचे होते.

आता कोणी विचारील, की मग पाठांतर सर्वस्वी निरुपयोगी काय? आमच्या पिढीतील कोणाच्याने असे म्हणवणार नाही. दिवेलागण झाली, की शुभंकरोतीमागोमाग परवचा सुरू होई. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असा तो ओघ वडिलांच्या धाकाने आमच्या मुखातून वाहत असे, आणि बाजारात दीडपाव वांग्यांचा हिशेब आजही आम्ही मनातल्या मनात करतो, तो त्याच्याच बळावर. पाठांतर ही साठवण आहे. पण कोठीत धान्य साठविण्यापूर्वी ते पिकले पाहिजे. ज्यास पाच म्हणजे किती हे ठाऊक आहे, त्याने पाचाचा पाढा पाठ करावा. त्यास तो जन्मभर उपयोगी पडेल.

परवचा म्हटला, की आम्हांस आमच्या थोरल्या बहिणीची, आक्काची, आठवण झाल्यावाचून राहत नाही. आणि या लेखाचे खरे कारणही तीच आहे. आक्का आमच्याहून चार वर्षांनी मोठी. गजगे खेळताना, कवड्या टाकताना तिचा हात आणि डोळा इतका सराईत, की तिच्याशी खेळणारी मुलगी क्वचितच जिंके. परंतु शाळेत पाटीवर आकडे सांगितले, की तिची गाडी अडे. ‘सदुसष्ट’ म्हटले, की ती ७६ लिही. ‘एकोणसत्तर’ म्हटले, की ७९ लिही. चौथीत असताना शाळेतून निरोप आला, की मुलीस गणिताचे अंग नाही. त्या शाळेचे नाव घेण्यात आज अर्थ नाही. तो निरोप त्या काळी कोणत्याही शाळेतून आला असता. वडील कठोर नव्हते, पण शाळेच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. आक्काची शाळा त्या वर्षी सुटली ती कायमची. ज्या नगरीत शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, त्याच नगरीत, त्यानंतर चाळीस वर्षांनी, एका हुशार मुलीचे शिक्षण ‘एकोणसत्तर’ या एका शब्दापाशी अडकले. आणि आम्ही, तिचे धाकटे बंधू, थोडे कळते झाल्यावर तिला चिडविताना काय म्हणत होतो? ‘एकोणसत्तर.’ घरात तिचे ते टोपणनावच पडले होते.

वास्तविक आक्काची चूक अत्यंत तर्कशुद्ध होती. ‘सदुसष्ट’ या शब्दात आधी सात ऐकू येतो आणि मागाहून साठ. लिहिताना मात्र आधी सहा आणि मग सात लिहावयाचा. ‘एकोणसत्तर’ या शब्दात सत्तर स्पष्ट ऐकू येतो, पण लिहिताना त्यातील सात कोठेच नाही. कारण तो शब्द ‘सत्तराला एक उणा’ अशी वजाबाकी सांगतो. ही अडचण सर्वच भाषांत नाही. आमच्या दक्षिणेस हद्दीपलीकडचे कानडी मूल एकविसास ‘इप्पत्तोंदु’ म्हणते, म्हणजे वीस आणि एक, जसे लिहावयाचे तसेच. चिनी भाषेत अकरास ‘दहा-एक’ आणि एकविसास ‘दोन-दहा-एक’ म्हणतात. चिनी आणि अमेरिकन बालकांची १९९५ साली तुलना झाली, तेव्हा दहापर्यंत दोघांत फरक आढळला नाही. दहाच्या पुढे, जेथे इंग्रजी नावे अनियमित होतात, तेथे अमेरिकन मुले मागे पडू लागली. दोष मुलांच्या डोक्यात नसून शब्दांच्या घडणीत होता.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीने ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब उडाला होता, हे वाचकांस आठवत असेल. विधानसभेपर्यंत ती चर्चा गेली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी, लहान मुलांस जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो म्हणून हा मार्ग सुचविला, असे शांतपणे सांगितले. आम्हीही त्या वेळी, मराठी भाषा बुडाली, अशा आवेशाने चार ठिकाणी बोललो होतो. डॉ. नारळीकर २०२३ साली निवर्तल्या. आज आमचे मत असे आहे, की ‘एकवीस’ आणि ‘सदुसष्ट’ हे शब्द आपले आहेत आणि ते राहिलेच पाहिजेत. पण मुलास त्यांच्या पोटात काय दडले आहे, हे उकलून दाखविण्यास ‘साठ आणि सात’ म्हणावे लागले, तर त्यात भाषेचा कोणताही अपमान नाही. आक्काच्या वेळी कोणी एवढे केले असते, तर पुढचे पुष्कळ टळले असते.

पुढे आक्का शिवाजी पेठेत दिली. सासरी म्हशी होत्या. तीस-पस्तीस घरांचा दुधाचा रतीब होता. कोणाचे पाव लिटर, कोणाचे दीड, कोणी चार दिवस गावी गेलेले, कोणाकडे पाहुणे आलेले. हा सारा हिशेब चाळीस वर्षे आक्काने तोंडी आणि भिंतीवरील कोळशाच्या रेघांनी सांभाळला, आणि महिनाअखेर कोणा गिऱ्हाइकाशी तिचा पैशाचाही वाद झाल्याचे आम्ही ऐकले नाही. वैरणीचा कडबा येई, तेव्हा पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा या हिशेबाने ती गाडी उतरण्याच्या आत आकडा सांगे. ज्या मुलीस गणिताचे अंग नव्हते, तिची ही गोष्ट. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत माल विकणारी मुले अनेक जिनसांचा हिशेब तोंडी बिनचूक करतात. तेच गणित पुस्तकी पद्धतीने कागदावर दिले, की अडतात. उलट शाळेतील मुले कागदावर करतात आणि बाजारात अडतात. तो वृत्तान्त वाचताना आम्हांस कोळशाच्या रेघांची ती भिंत दिसत होती.

नातू कानांवर हात ठेवू लागल्याचे वर्तमान आक्कास कळले, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. तिने पोरास काही विचारले नाही, म्हणावयास सांगितले नाही. पिशवीतून मूठभर चिंचोके काढले आणि स्वतःशीच खेळत बसली. थोड्या वेळाने पोर जवळ सरकले. तिने दोन चिंचोके मुठीत धरून विचारले, “एकी का बेकी?” हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मूठ उघडली, की चिंचोके दोन-दोन जोडीने मांडावयाचे. एक उरला तर एकी, न उरला तर बेकी. पहिले कितीतरी दिवस ती चारांच्या पुढे गेली नाही. आम्ही अधीर होऊन म्हटले, “आक्का, त्याला पन्नास येतात.” ती म्हणाली, “पन्नास तुला येतात. त्याला तीन येऊ देत.”

मग तिने घरातील कामे त्याच्याकडे सोपविली. जेवणाच्या वेळी प्रत्येक पाटापुढे एक ताट, प्रत्येक ताटात एक वाटी. येथे आकड्याचे नावही नाही; एकास एक लावणे एवढेच. वाटी उरली किंवा कमी पडली, की पोराच्या स्वतःच्याच ध्यानात येई, कोणी रागावण्याची गरज नसे. पुढे “दोन कांदे आण”, “तीन मिरच्या आण”. तीन सहज जमू लागल्यावर चार. आणल्यावर ती स्वतः म्हणे, “एक, दोन, तीन, चार. चार कांदे.” शेवटचा आकडा पुन्हा एकवार, वस्तूच्या नावासह. मोजण्यातील तिसरे तत्त्व आम्ही ग्रंथात वाचले होते. आक्का ते कांद्यांवर शिकवीत होती. कधी ती वाटीखाली तीन चिंचोके झाकी, त्याच्या देखत आणखी एक आत सरकवी आणि “आता किती असतील?” म्हणून विचारी. चुकले तर नुसती वाटी उचलून दाखवी.

संध्याकाळी अष्टाचंगपे. चार कवड्या टाकावयाच्या; जितक्या उताण्या पडतील तितकी घरे पुढे जावयाचे. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे चारही उताण्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. या खेळात काय साधते, ते नीट पाहिले पाहिजे. कवड्या मोजाव्या लागत नाहीत. तीन पडल्या हे नजरच सांगते. तेच तीन मग सोंगटीच्या तीन पावलांनी चालून पाहावयाचे. संख्या डोळ्यास दिसते, तोंडाने उच्चारली जाते आणि हाताने चालली जाते. गीता रमानी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली गरीब घरांतील बालकांस एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीवर असाच खेळ दोन आठवड्यांत मिळून सुमारे तासभर खेळविला आणि त्यांचे संख्याज्ञान सुधारले; नऊ आठवड्यांनीही ते टिकून होते. तोच खेळ अंकांऐवजी रंगांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांत तसे घडले नाही. आक्काच्या पटावर अंक नव्हते. ते आम्ही खडूने घातले. या साऱ्या उद्योगात आमचा हातभार काय तो एवढाच.

नाही म्हणावयास आणखी एक. सकाळी आम्ही फिरावयास जातो, तेव्हा नातवास जवळच्या तालमीत घेऊन जाऊ लागलो. तेथे एक तरुण मल्ल बैठका मारताना मोठ्याने आकडे मोजीत असे. एक बैठक, एक आकडा. दम लागला तर आकडाही थांबे. पोरही शेजारी उभे राहून बैठका मारू लागले. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडचे आकडे पायांच्या पुष्कळ पुढे धावले. आठवड्याभरात ते पायांबरोबर चालू लागले. शंभर बैठका झाल्या, की तो मल्ल एक खडा बाजूस सरकवी. “एवढ्या मारल्या आणि खडा एकच?” असे नातवाने आम्हांस विचारले. या प्रश्नाचे पुरते उत्तर त्यास शाळेत एकक-दशक-शतक शिकताना मिळेल. प्रश्न मात्र त्यास तालमीच्या लाल मातीत पडला, याचा आम्हांस आनंद वाटतो.

महाराष्ट्रात ही दृष्टी नवी आहे, असेही नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे ताराबाईंनी बोर्डीस माँटेसरीबाईंच्या महाग साधनांच्या जागी खडे, बिया, शिंपले अशी आसपास फुकट मिळणारी साधने आणली. आमच्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू करून भयावाचून शिकणे कसे असते, ते दाखवून दिले. २०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ योजना काढली, तिचाही हेतू तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास वाचन आणि संख्याज्ञान यावे, हाच आहे. परंतु तिसरीच्या पुष्कळ आधी, घरातल्या घरात, पहिला आकडा मुलाच्या कानी पडतो. तो हौसेने पडतो की धाकाने, हे कोणत्याही योजनेच्या हाती नाही. ते आमच्या-तुमच्या हाती आहे. मुलास गणिताचे अंग आहे की नाही, याचा निकाल चौथ्या वर्षी किंवा चौथीत लावण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

यंदाच्या संक्रांतीस मास्तर पुन्हा सपत्नीक आले. आक्काही आली होती. आम्ही नातवास काही म्हणावयास सांगितले नाही. गुळाच्या पोळ्या झाल्या होत्या, तूप वाढावयाचे होते. सुनेने त्यास वाट्या आणावयास सांगितले, तेव्हा त्याने स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी दारात उभे राहून आम्हां सर्वांकडे एकेकदा बोट केले. “सहा,” तो स्वतःशीच म्हणाला. आत गेला आणि वाट्या घेऊन आला. मास्तरांनी त्या नजरेनेच मोजल्या, सात होत्या. आमच्या काळजात चर्र झाले. पण पोराने सहा जणांपुढे सहा ठेवल्या, सातवी स्वतःपुढे ठेवली आणि म्हणाले, “सहा तुमच्या, आणि एक माझी.”

जेवताना त्याने आक्कास विचारले, “आक्काआज्जी, तुला कुठपर्यंत येतं?”

आक्का पोळीचा तुकडा मोडता मोडता हसली. “मला होय? एकोणसत्तर सोडून सगळं येतं बघ.”

सारे हसले. आम्ही मात्र मान खाली घालून वाटीतील तुपाकडे पाहत राहिलो. ते टोपणनाव तिला आम्ही दिले होते, हे त्या पंगतीत आम्हां दोघांवाचून कोणास ठाऊक नव्हते.